गाडी बंद पडली आणि वर पार्किंगचं चलान आलं? लगेच भरू नका, लगेच भांडूही नका



या आठवड्याचा विषय सेल्सचा नाही, मार्केटिंगचा नाही. पण ज्यांच्या धंद्यात एक तरी छोटा हत्ती, पिकअप किंवा व्हॅन आहे त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे फक्त घरची कार आहे त्यांनाही उपयोग होईल.

परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल भरून गाडी निघते आणि सातारा रोडला क्लच प्लेट जाते. गाडी कशीबशी कडेला घेतली जाते. कडेला नेमका ‘नो पार्किंग’चा बोर्ड असतो. ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला जातो, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून जातं. संध्याकाळी मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. मेकॅनिकचे पैसे गेले, माल उशिरा पोचला म्हणून गिऱ्हाईक नाराज झालं, आणि आता वर दंड.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात. पहिली म्हणजे ‘जाऊ दे, पाचशे रुपये भरून टाक, कटकट नको.’ दुसरी म्हणजे ‘मी भरणारच नाही, काय करायचं ते करू दे.’ माझं मत स्पष्ट आहे. या दोन्ही गोष्टी धंदेवाईक माणसाला शोभत नाहीत. पहिल्यात तुम्ही न केलेल्या चुकीची कबुली देता. दुसऱ्यात छोटं प्रकरण मोठं होईपर्यंत झाकून ठेवता. तिसरा रस्ता आहे, कंटाळवाणा आहे, पण चालतो. गाडी बंद पडली त्याच क्षणी पुरावा गोळा करायचा आणि चलान आलं की वीस मिनिटांत नीट तक्रार नोंदवायची.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या

घाबरू नका, वकिली भाषा वापरत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मधली चार-पाच कलमं माहीत असली की बोलताना आवाज वेगळा येतो.

कलम १२२ सांगतं, की इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीने गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवू नये. ज्या चुकीला कायद्यात वेगळा दंड सांगितलेला नाही तिला कलम १७७ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाली तर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. हा ‘पुन्हा’ शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कलम १२७ टोइंगचं आहे. गाडी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेली असेल, किंवा मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती हलवायला किंवा तिला जॅमर लावायला सांगू शकतो. हलवण्याचा खर्च मालकाच्या माथी.

आणि आता आपल्या कामाचं कलम. कलम २०१. रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी ठेवली तर ५०० रुपयांपर्यंत दंड, असं ते सांगतं. २०१९ च्या आधी यात ‘नादुरुस्त’ गाडीचाच उल्लेख होता आणि दंड तासाला ५० रुपयांपर्यंत होता. म्हणजे गाडी बिघडली म्हणूनच मीटर चालू! दुरुस्तीत ‘नादुरुस्त’ हा शब्द काढला आणि एक नवं पोटकलम घातलं. त्याचा अर्थ असा, की गाडी अचानक, आधी कल्पना नसताना बिघडली असेल आणि ती हलवण्याचं काम चालू असेल, तर हा दंड लागू होत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. यात दोन अटी आहेत.

१. बिघाड अचानक झालेला असला पाहिजे.
२. गाडी तिथून हलवण्याचं काम चालू असलं पाहिजे.

दोन्ही हव्यात. एकच असून भागत नाही. क्लच प्लेट अचानक गेली हे खरं, पण ड्रायव्हर गाडी लॉक करून घरी जेवायला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवला, तर दुसरी अट गेली. उलट बॅटरी आठवडाभर धक्का मारून चालवताय आणि एक दिवस भर चौकात बसली, तर मेकॅनिक दहा मिनिटांत आला तरी ‘अचानक’ म्हणताना तुमचीच जीभ अडखळेल. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर तेही मी तरी ‘अचानक’ म्हणणार नाही. काटा समोरच असतो.

आणखी एक प्रामाणिक सूचना. ही सूट कलम २०१ च्या दंडापुरती लिहिलेली आहे. तुमच्या चलानवर कलम १२२ किंवा ‘नो पार्किंग’चा बोर्ड न पाळल्याचं कलम असू शकतं. तिथे ही सूट आपोआप मिळत नाही. पण तिथेही मुद्दा तोच मांडायचा. मी गाडी पार्क केली नाही, ती बंद पडली, आणि मी ती हलवत होतो. कायद्याचा कल कुठे आहे हे दाखवायला कलम २०१ चा आधार देता येतो. म्हणून चलान उघडल्यावर रक्कम बघायच्या आधी कलम बघा.

अपघात झाला असेल तर? तीच तरतूद सांगते, की अपघातग्रस्त गाडीला हा दंड तपासणीचे सोपस्कार पूर्ण झाल्यानंतरच्या वेळेपासूनच लागतो. म्हणजे पंचनामा व्हायच्या आधी गाडी रस्त्यात होती म्हणून दंड नाही.

पहिली पंधरा मिनिटं: इथेच प्रकरण जिंकलं किंवा हरलं जातं

चलान आल्यावर पुरावा शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. म्हणून ही यादी प्रिंट काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. ड्रायव्हरला एकदा समोर बसवून समजावून सांगा.

आधी जीव, मग फोटो. गाडी जमेल तेवढी डावीकडे घ्या. चारही इंडिकेटर चालू करा. त्रिकोण मागे ठेवा, आणि तो सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नाही ना हे आजच बघा. हायवेवर असाल तर गाडीत किंवा गाडीच्या मागे उभं राहू नका, रेलिंगच्या पलीकडे जा. फोटो नंतर काढता येतात.

मग चार फोटो. एक लांबून, ज्यात रस्ता, त्रिकोण आणि गाडी दिसेल. एक नंबर प्लेटसकट. एक उघडलेल्या बॉनेटचा किंवा ज्या भागात बिघाड आहे त्याचा. एक आजूबाजूच्या दुकानाचा किंवा खांबाचा, म्हणजे जागा ओळखता येईल. शिवाय दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात सेल्फ मारल्यावर गाडी चालू होत नाही किंवा गिअर पडत नाही हे दिसेल. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा.

एक बारीक गोष्ट. हे फोटो ड्रायव्हर तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवेल. पाठवू दे, कारण त्या मेसेजची वेळ हीच एक नोंद असते. पण नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली मूळ वेळ आणि लोकेशनची माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो ड्रायव्हरच्या गॅलरीतून डिलीट करायचा नाही, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. ‘मेमरी फुल झाली म्हणून काढून टाकले’ हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय.

मेकॅनिकला लगेच फोन. इन्शुरन्सबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर तिथे फोन करा. त्यांचा तक्रार क्रमांक मेसेजने येतो आणि त्यावर वेळ असते. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ वर फोन लावा. धोक्याची जागा असेल तर ११२. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. गाडी ‘हलवण्याचं काम चालू होतं’ हे दाखवणारा सगळ्यात स्वस्त पुरावा हाच.

गाडी एकटी सोडू नका. ड्रायव्हरला पार्ट आणायला जावंच लागलं तर हेल्परला थांबवा. कुणीच नसेल तर समोरच्या दुकानदाराला सांगून जा आणि काचेवर मोठ्या अक्षरात कागद लावा: ‘गाडी बंद पडली आहे, मेकॅनिक बोलावला आहे’, खाली वेळ आणि मोबाइल नंबर. अशा कागदामुळे कायद्याने सूट मिळते असं नाही. पण फोटो काढणाऱ्याच्या फोटोतच तो कागद आला, तर तुमचं अर्धं काम त्यानेच करून दिलं.

जवळच्या चौकात ट्रॅफिकचे हवालदार असतील तर स्वतः जाऊन सांगा. ‘साहेब, गाडी बंद पडलीय, मेकॅनिक येतोय, अर्ध्या तासात काढतो.’ बहुतेक वेळा ते धक्का मारायला माणसं बोलावतात. त्यांनाही कोंडी नकोच असते. आपण चोरासारखं लपून राहतो, म्हणून संशय येतो.

शेवटी बिल. रस्त्यावर येणारा मेकॅनिक बिल देत नाही हे मला माहीत आहे. साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, काय बिघडलं होतं, किती पैसे, त्याचं नाव आणि सही. पैसे यूपीआयने द्या आणि नोटमध्ये गाडीचा नंबर टाका. झाला पुरावा.

मेसेज आला. आता?

पहिली गोष्ट, मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. खोट्या चलानचे मेसेज सर्रास येतात. व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल आली आणि ‘चलान बघण्यासाठी इन्स्टॉल करा’ असं लिहिलं असेल, तर ती फसवणूकच समजा. इन्स्टॉल केलीत तर पाचशेच्या जागी खातं रिकामं होईल. स्वतः महाट्रॅफिक अॅप उघडा किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर जा. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं.

इथेच एक काम सांगतो. तुमच्या आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे का? सेकंड हँड गाडीत तो जुन्या मालकाचा असतो, आणि नव्या गाडीतही कधी कधी शोरूमच्या माणसाचा किंवा एजंटचा. मेसेज त्याला जातात आणि तुम्हाला वर्षाने कळतं की सहा चलानं साठली आहेत. परिवहनच्या साइटवर जाऊन हा नंबर आजच तपासा.

दुसरी गोष्ट, चलानचा फोटो मोठा करून बघा. तारीख, वेळ, जागा, कलम. गाडी तुमचीच आहे का? फोटोत इंडिकेटर, त्रिकोण, उघडलेलं बॉनेट दिसतंय का? कॅमेऱ्यांसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-ए आहे. त्यानुसार चलानसोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेलं कलम असलं पाहिजे, आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. यातलं काही नसेल तर तक्रारीत लिहा.

तिसरी गोष्ट, मुदत. चलानवर किंवा नोटिशीवर जी मुदत आहे ती कॅलेंडरमध्ये टाका. तक्रार त्याच्या आत करायची. आणि तक्रार करायची असेल तर आधी दंड भरू नका. दंड भरून तडजोड झाली की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई कायद्याने संपते. प्रकरण बंद. ‘आधी भरतो, मग परत मागतो’ हा उलटा रस्ता आहे.

तक्रार कशी लिहायची

अॅपवर आणि साइटवर तक्रारीची सोय आहे. लोक तिथे काय लिहितात? ‘तुमचे लोक फक्त वसुलीला बसलेत.’ ‘खड्डे आधी बुजवा.’ खरं असेल, खोटं असेल, पण वाचणाऱ्या माणसाला याचं काय करायचं? त्याला निर्णय घ्यायचाय. त्याला निर्णय घेण्यापुरतं द्या, बाकी काही देऊ नका. नमुना देतो, तुमची माहिती भरा:

‘महोदय, माझ्या मालवाहू गाडीवर अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी पार्किंगचे चलान झाले आहे. त्या वेळी गाडी पार्क केलेली नव्हती. क्लच प्लेट अचानक गेल्याने गाडी बंद पडली होती. अमुक वाजता मेकॅनिकला फोन केला, तो अमुक वाजता आला आणि अमुक वाजता गाडी तिथून हलवली. या काळात इंडिकेटर चालू होते, मागे त्रिकोण ठेवला होता आणि ड्रायव्हर गाडीजवळ होता. सोबत बंद गाडीचे फोटो, कॉल लॉग आणि दुरुस्तीचे बिल जोडले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मध्ये अचानक बिघडलेल्या व हलवल्या जात असलेल्या गाडीला सूट आहे. त्याचा विचार करून चलान रद्द करावे, ही विनंती.’

बास. वेळा लिहिल्या, पुरावा जोडला, विनंती केली. स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दोन आठवडे काहीच हललं नाही तर हेच पत्र कागदावर छापून त्या विभागाच्या वाहतूक शाखेत द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. जाताना सकाळची वेळ निवडा, संध्याकाळी सगळे चौकात असतात.

तक्रार फेटाळली तर? मग प्रकरण कोर्टात लढता येतं किंवा लोकअदालतीत मिटवता येतं. लोकअदालतीबद्दल एक गैरसमज काढून टाका. ती तडजोडीची जागा आहे. ‘माझी चूक नव्हती’ हे सिद्ध करायला ती बसत नाही, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. एकाच चलानसाठी कोर्टाच्या तारखा घ्यायच्या का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. माझं मत विचाराल तर पुरावा पक्का असेल तर तक्रार आणि पत्र इथपर्यंत प्रत्येकाने जावं. कोर्टापर्यंत फक्त त्यानेच जावं ज्याच्यावर मोठी रक्कम किंवा अनेक चलानं आहेत.

गाडी टो करून नेली असेल तर वाद घालून दिवस घालवू नका. माल आत आहे, तो खराब होईल. पावती नीट वाचा, टोइंगचा खर्च आणि दंड वेगवेगळे लिहिलेत का बघा. दंड जागेवर न भरता टोइंगचा खर्च देऊन गाडी मिळते का हे नम्रपणे विचारा. नाही म्हणाले तर भरा, गाडी सोडवा. तासाभराच्या तत्त्वासाठी पन्नास किलो पनीर उन्हात ठेवणं हा धंदा नव्हे.

‘पाचशे रुपयांसाठी एवढं?’

हा प्रश्न येणारच. मीच सगळ्यांना सांगत असतो की मालकाचा वेळ महाग आहे. मग पाचशेसाठी वीस मिनिटं का घालवायची?

तीन कारणं आहेत. पहिलं, तो ‘पुन्हा’ शब्द. पहिलं चलान मुकाट भरलंत की ती तुमची पहिली चूक म्हणून नोंदली जाते. पुढच्या वेळी तुम्ही १५०० च्या गटात जाऊ शकता. शहरात रोज डिलिव्हरी करणाऱ्या गाडीला पुढची वेळ यायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरं, हा दंड धंद्याच्या खर्चात धरता येत नाही. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकरात खर्च म्हणून वजा होत नाही. दुरुस्तीचं बिल होतं, डिझेल होतं, दंड नाही. म्हणजे ते पाचशे कर भरून उरलेल्या नफ्यातले आहेत. ‘गाडी खर्च’ या एकाच डब्यात सगळं कोंबत असाल तर दंडाचं खातं वेगळं करा. वर्षाअखेरीला तो आकडा बघून बऱ्याच जणांची झोप उडेल.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ते म्हणजे ड्रायव्हर.

आपल्या एका बॅचमध्ये फरसाणचा होलसेल करणारे एक दादा होते. त्यांची गाडी अशीच बंद पडली, चलान आलं, आणि त्यांनी ते ड्रायव्हरच्या पगारातून कापलं. ‘गाडी तू चालवत होतास’ एवढंच कारण. ड्रायव्हर काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात तो दुसरीकडे लागला. चार वर्षं त्याला सगळी दुकानं, सगळ्या गल्ल्या, कुठला दुकानदार दुपारी झोपतो आणि कुठला उधारी मागतो, सगळं पाठ होतं. नवीन माणसाला ते शिकायला किती दिवस लागले आणि त्यात किती ऑर्डरी चुकल्या, याचा हिशेब दादांनी स्वतः वर्गात फळ्यावर मांडला होता. वर्ग शांत झाला होता.

बंद पडलेल्या गाडीचा दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापणं मला चुकीचं वाटतं. गाडीची सर्व्हिसिंग कधी करायची हे तो ठरवत नाही, तुम्ही ठरवता. पाटे वाजतायत, क्लच घसरतोय हे तो महिनाभर सांगत असतो आणि ‘दिवाळीनंतर बघू’ हे आपलं उत्तर असतं. वेतनाचा कायदाही सांगतो, की नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच, आणि त्याला बाजू मांडायची संधी देऊन मगच, पगारातून कपात करता येते. ड्रायव्हरने चहा प्यायला गाडी बोर्डाखाली लावली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जाब विचारा. पण बिघाडाचा दंड हा मालकाचा. तो भरायचा की त्याविरुद्ध लिहायचं हेही मालकाचं काम.

आणि ड्रायव्हरला कळलं की मालक आपल्या बाजूने वीस मिनिटं बसून पत्र लिहितो, तर पुढच्या वेळी तो फोटोही नीट काढेल आणि बिलही आणेल. पगार कापणाऱ्या मालकाला तो कशाला पुरावा गोळा करून देईल?

दोन गोष्टी दुसऱ्या बाजूनेही

मी पोलिसांच्या विरोधात लिहितोय असं समजू नका. बंद पडलेली एक गाडी संध्याकाळी सहा वाजता रस्त्याची एक लेन खाते, आणि मागे अडकलेल्या शेकडो लोकांत तुमचंच गिऱ्हाईक असतं, एखादी रुग्णवाहिका असते. ‘गाडी बंद पडली’ हे खोटं कारण रोज कितीतरी लोक देतात, बॉनेट उघडून ठेवून दुकानात खरेदीला जातात. त्यामुळेच खरं सांगणाऱ्यावरही विश्वास बसत नाही. म्हणून तुमचा बिघाड खोटा असेल, गाडी खरंच चुकीच्या जागी लावली असेल, तर हा लेख बंद करा आणि दंड भरा. आजच भरा.

पण व्यवस्थेकडूनही एक अपेक्षा आहे. फोटो काढणाऱ्या यंत्राला गाडी उभी आहे एवढंच दिसतं, ती का उभी आहे हे दिसत नाही. ते सांगायची सोय चलान झाल्यानंतर आहे, आधी नाही. ‘माझी गाडी अमुक जागी बंद पडलीय’ हे नागरिकाने अॅपवर त्याच क्षणी, फोटो आणि लोकेशनसकट नोंदवावं, आणि ती नोंद चलान करणाऱ्याला दिसावी, एवढीच सोय पुरेशी आहे. त्यातून पोलिसांना कोंडी कुठे होणार हेही आधी कळेल आणि क्रेन पाठवता येईल. व्यापारी संघटनांच्या बैठकीत वाहतूक शाखेचे अधिकारी येतात, तेव्हा आपण फक्त लोडिंग-अनलोडिंगच्या वेळा मागतो. पुढच्या बैठकीत हेही मागा. लेखी मागा.

आज करायच्या चार गोष्टी

१. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तपासा.
२. साइटवर गाडीचा नंबर टाकून जुनी चलानं बघा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा ती बघणारच आहे, तुम्ही आधी बघा.
३. पहिल्या पंधरा मिनिटांची यादी गाडीत ठेवा आणि ड्रायव्हरकडून एकदा सराव करून घ्या.
४. गाडीची एक वही करा. सर्व्हिसिंग कधी झाली, काय बदललं, पुढचं कधी. ‘बिघाड अचानक होता’ हे सांगताना ही वही तुमच्या बाजूने बोलते. आणि खरं सांगायचं तर वही नीट ठेवली की गाडी बंद पडायचं प्रमाणच कमी होतं.

ज्यांच्या चलानची मुदत या आठवड्यात संपतेय त्यांनी वरचा नमुना उचला आणि आजच तक्रार टाका. उत्तर काय आलं ते व्हिडिओखाली नक्की लिहा, रद्द झालं तरी लिहा आणि फेटाळलं तरी लिहा. दोन्हीतून बाकीच्यांना शिकायला मिळेल.

भेटू पुढच्या गुरुवारी. धंदा करत राहा, हिशेब ठेवत राहा.